क्लॅरिफायरमधून गाळ पुन्हा पुन्हा वर येतोय? काही टाकण्याआधी सिलिंडर लावा

"सर, स्लज परत वर आलाय. काय टाकू?"

एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर, काम करणाऱ्या पोरांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. माझं उत्तरही ठरलेलं आहे. आत्ता काहीच टाकू नका. एक लिटरचा मेजरिंग सिलिंडर स्वच्छ धुवा आणि एरेशन टँककडे चला.

कारण "स्लज वर आला" या एका वाक्यात निदान पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. वरून सगळे सारखेच दिसतात. क्लॅरिफायरचं पाणी गढूळ, कडेच्या विअरवरून (पाणी बाहेर पडायच्या काठावरून) तपकिरी गोळे वाहतायत, पुढचा सँड फिल्टर तासाभरात तुंबतोय. पण एका बिघाडाचा उपाय दुसऱ्यात उलटा पडतो. एका ठिकाणी रिटर्न पंप (बसलेला गाळ परत एरेशन टँकमध्ये नेणारा) वाढवायचा असतो, दुसऱ्या ठिकाणी तोच पंप वाढवला की उरलासुरला गाळही वाहून जातो. म्हणून आधी ओळखायचं, मग हात लावायचा.

इथे मी ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीच्या प्लांटबद्दल लिहितोय, म्हणजे हवा सोडून जिवाणू वाढवणारी एरेशन टँक आणि त्यापुढे गाळ बसवण्यासाठी वेगळा क्लॅरिफायर. एसबीआरवाल्यांनाही (एकाच टँकमध्ये आळीपाळीने हवा देणं आणि गाळ बसवणं) यातलं बरंचसं लागू पडेल. एमबीआरमध्ये पाणी पडद्यातून गाळलं जातं, गाळ बसवायचाच नसतो, त्यामुळे त्यांची दुखणी वेगळी.

सिलिंडर कसा लावायचा

सॅम्पल एरेशन टँकच्या शेवटच्या टोकाकडून घ्या, जिथून पाणी क्लॅरिफायरकडे जातं तिथून. वरचा फेस बाजूला सारून थोड्या खोलीवरून बादली भरा. बादलीतलं पाणी हलक्या हाताने ढवळून लगेच सिलिंडरमध्ये १००० मिलीपर्यंत ओता. बाटलीत भरून, खळखळून, लॅबपर्यंत नेऊन मग ओतलेलं सॅम्पल खोटं बोलतं, कारण तोपर्यंत गाळाचे फ्लॉक, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, मोडलेले असतात. सिलिंडर सावलीत ठेवा. ऊन लागलं की आतलं पाणी फिरायला लागतं. ब्लोअर रूमच्या फरशीवर तर ठेवूच नका, तिथल्या थरथरीने गाळ वेगळाच बसतो.

पहिली पाच मिनिटं समोरून हलू नका. निरोगी गाळ आधी एकमेकांना धरतो, त्याचे गुबगुबीत पुंजके होतात आणि मग सगळा थर एकसंध खाली सरकतो, वर स्वच्छ पाणी सोडत. हे एकदा नीट पाहिलं की आजारी गाळ लगेच ओळखू येतो. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. तिसाव्या मिनिटाचा आकडा म्हणजे एसव्ही-३०.

बहुतेक प्लांटवर तीस मिनिटं झाली की सिलिंडर नाल्यात रिकामा होतो. माझी कळकळीची विनंती आहे की तो तसाच आणखी दीड-दोन तास ठेवा. अर्धं निदान त्या वेळात होतं.

बसतो, आणि मग वर येतो

तीस मिनिटांत गाळ छान बसला, वरचं पाणी नितळ. मग तासाभराने खालच्या थरात बारीक बुडबुडे दिसायला लागले आणि सगळा गाळ एखाद्या बुचासारखा वर आला. काचेच्या कांडीने हलवला की बुडबुडे सुटतात आणि तो पुन्हा खाली बसतो. असं झालं तर तुमचा गाळ तब्येतीने चांगला आहे. तो क्लॅरिफायरच्या तळाशी गरजेपेक्षा जास्त वेळ पडून राहतोय, एवढंच.

एरेशन टँकमध्ये अमोनियाचं नायट्रेट होतं. क्लॅरिफायरच्या तळाला ऑक्सिजन संपला की जिवाणू त्या नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. त्याचे बुडबुडे गाळाला चिकटून त्याला वर उचलतात. पाणी कोमट असताना आणि नायट्रेट-नायट्रोजन लिटरला ८-१० मिलिग्रॅमच्या वर असताना हे हमखास घडतं.

इथे रिटर्न वाढवा. रिटर्न पंप टायमरवर असेल, दहा मिनिटं चालू आणि पन्नास मिनिटं बंद असा, तर तो टायमर हेच दुखण्याचं मूळ समजा. रिटर्न सतत चालू पाहिजे. क्लॅरिफायरमधला गाळाचा थर पारदर्शक नळी खाली सोडून मोजा. तो साधारण एक ते तीन फुटांत राहिला पाहिजे. रात्री लोड कमी असताना ब्लोअर तसेच चालू ठेवून डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला ५-६ मिलिग्रॅमपर्यंत चढत असेल तर हवा कमी करा. टँकमध्ये मिक्सर असेल तर ठरावीक वेळ हवा बंद ठेवून नायट्रेट तिथेच संपवता येतं. त्यात आणखी एक फायदा आहे. एक किलो अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना ७.१४ किलो अल्कलिनिटी (आम्ल शोषून पीएच सांभाळायची पाण्याची ताकद) खर्च होते, आणि तेच नायट्रेट टँकमध्ये मोडलं तर त्यातली निम्मी परत मिळते. अल्कलिनिटी कमी असलेल्या पाण्यात पीएच ६.५ च्या खाली घसरून फ्लॉक फुटायला लागतात, ते यामुळे थांबतं.

एक खूण लक्षात ठेवा. क्लॅरिफायरमध्ये वर येणारे गोळे तपकिरी असतील तर वरची कथा. गोळे काळे आणि कुजक्या अंड्याच्या वासाचे असतील तर गाळ तळाशी कुठेतरी कित्येक दिवस अडकून सडलेला आहे. स्क्रेपरचं रबर झिजलंय, एअरलिफ्टची नळी चोक आहे, किंवा हॉपरच्या भिंतींचा उतार कमी आहे. हा उतार आडव्या रेषेशी साठ अंशांच्या आसपास हवा, बांधकामात तो पंचेचाळीसचा झाला की गाळ भिंतीला धरून बसतो. ही दुरुस्ती यांत्रिक आहे, औषधाने होत नाही. तोवर लांब दांड्याच्या रबरी वायपरने भिंती वरून रोज खरवडा. वरूनच. आत उतरून नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

बसतच नाही

तीस मिनिटांनंतरही सिलिंडरमध्ये गाळ ९०० मिलीच्या खुणेवरच. हे दृश्य पाहिलं की सगळे "बल्किंग, बल्किंग" म्हणायला लागतात. थांबा. इथे दोन शक्यता आहेत आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

दुसरा सिलिंडर घ्या. अर्धा लिटर एरेशन टँकचं सॅम्पल, त्यात अर्धा लिटर क्लॅरिफायरचं स्वच्छ पाणी, क्लोरीन टाकण्याआधीचं. पुन्हा तीस मिनिटं. आता गाळ झपाट्याने २५०-३०० वर आला तर गाळ बसणारा आहे, तो फक्त फार झालाय. गर्दीच्या डब्यात माणसाला पाय ठेवायला जागा नसते, तसं झालंय. आणि पातळ करूनही तो ६००-७०० वरच रेंगाळला तर हे खरं बल्किंग. धाग्यासारखे जिवाणू वाढलेत, त्यांचे धागे एका फ्लॉकमधून दुसऱ्यात जातात आणि सगळा गाळ पिंजलेल्या कापसासारखा फुगून राहतो.

आकड्यात सांगायचं तर एसव्हीआय, म्हणजे गाळ किती जागा व्यापतो याचा निर्देशांक, काढा. एसव्ही-३० ला १००० ने गुणा, एमएलएसएसने (एरेशन टँकच्या एका लिटरमधला गाळ, मिलिग्रॅममध्ये) भागा. एसव्ही-३० जर ३०० आणि एमएलएसएस ३००० असेल तर एसव्हीआय १००. एक ग्रॅम गाळ १०० मिली जागा व्यापतो, असा त्याचा अर्थ. ८० ते १२० हा सुखाचा पट्टा, १५० च्या वर गेलं की सावध व्हायचं. हा निर्देशांक १९३४ मध्ये मोहलमन यांनी मांडला आणि आजही इतक्या स्वस्तात इतकं सांगणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. नुसत्या एसव्ही-३० वर निर्णय घेऊ नका. तोच ९०० चा आकडा एमएलएसएस ३००० असताना बल्किंग दाखवतो आणि ७००० असताना गर्दी.

दर तीन-चार आठवड्यांनी तेच होत असेल तर

आता खरा मुद्दा. दुखणं परत परत येतंय, आणि त्याला एक ठरलेली लय आहे, तर मी सगळ्यात आधी क्लॅरिफायर सोडून, जादा गाळ दाबून कोरडा करणाऱ्या फिल्टर प्रेसच्या खोलीत जातो.

हे मी एका प्लांटवर अंगाने शिकलो. तिथे मी नवीन होतो. महिन्यातून एकदा गाळ उसळायचा, दोन-तीन दिवस विअरवरून वाहायचा. आम्ही धावपळ करून पॉलिमर टाकायचो, कुणीतरी दिलेली जिवाणूंची पावडर टाकायचो आणि चौथ्या दिवशी प्लांट सुधारायचा. पावडरीला श्रेय मिळायचं. तीन फेऱ्या अशाच गेल्या. एका रात्रपाळीत मी जुनी लॉगशीट काढून बसलो. वेस्टिंगच्या, म्हणजे जादा गाळ प्लांटबाहेर काढण्याच्या, रकान्यात अडीच महिने फक्त आडव्या रेघा होत्या. सकाळी प्रेस उघडून पाहिला. फिल्टरचं कापड पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं, चुन्याचा थर बसून त्याची भोकं बुजलेली. फीड पंप चालू केला की काट्यावरचा दाब मिनिटभरात वर जायचा आणि नळातून पाण्याची करंगळीएवढी धारही येत नव्हती. प्रेस चालत नाही म्हणून वेस्टिंग बंद, वेस्टिंग बंद म्हणून गाळ टँकमध्ये साठतोय, साठता साठता क्लॅरिफायरला झेपेनासा होतो आणि एके दिवशी सकाळच्या मोठ्या फ्लोबरोबर बाहेर पडतो. बाहेर पडला की टँक हलका होतो आणि प्लांट आपोआप "बरा" होतो. पुन्हा साठेपर्यंत. आमच्या पावडरीचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. प्लांट स्वतःच वेस्टिंग करत होता, चुकीच्या दाराने.

तुमच्या प्लांटचा हिशोब तुम्हीच करून पाहा. समजा रोज ५०० घनमीटर सांडपाणी येतं, त्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि तो १० वर येतो. म्हणजे रोज १२० किलो बीओडी काढला जातो. त्यातून साधारण निम्म्या वजनाचा, म्हणजे ६० किलो, कोरडा गाळ तयार होतो असं धरू. एरेशन टँक ४०० घनमीटरची, एमएलएसएस ३५००, म्हणजे टँकमध्ये १४०० किलो गाळ. वेस्टिंग पूर्ण बंद केलं तर १४०० ÷ ६०, तेवीस दिवसांत गाळ दुप्पट. एमएलएसएस ७०००. हे जीर्ण गाळाचं थोडं आपोआप पचणं सोडून केलेलं गणित आहे, तरी तुमच्या लॉगशीटमधल्या उसळण्याच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. दोन उसळ्यांमधलं अंतर आणि हा आकडा जवळपास जुळला तर दुसरं निदान शोधत बसू नका.

याच गणितातून रोज किती काढायचं तेही मिळतं. रिटर्न लाइनमधल्या गाळाची घनता लिटरला ८००० मिलिग्रॅम असेल तर ६० किलोसाठी रोज साडेसात घनमीटर वेस्ट करायला हवं. रविवारीही. चार दिवस काही नाही आणि पाचव्या दिवशी एकदम तीस घनमीटर, असं केलं तर जिवाणूंची वस्ती हलते. आधीच साठलेला जादा गाळ कमी करायचा असेल तर रोजच्या वेस्टिंगमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ एका दिवसात करू नका, आणि परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे द्या. गाळाचं वय वीस-पंचवीस दिवसांचं असलेल्या प्लांटकडून दोन दिवसांत उत्तर मागणं म्हणजे आज पेरून उद्या कणसं मोजणं.

ऑपरेटर वेस्टिंगला का घाबरतात, हे मला कळतं. ही पद्धत उभीच राहिली गाळ राखून ठेवण्यावर. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली तेव्हा पहिल्या खेपेला अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी खाली बसलेला गाळ फेकला नाही, त्यावरच नवं सांडपाणी घातलं. असं करत करत तेच काम एका दिवसाच्या आत व्हायला लागलं. गाळ हेच भांडवल आहे, हे तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण त्या भांडवलाला रोज व्याज लागतं आणि ते व्याज रोज बाहेर काढावं लागतं. जिथे गाळ वाळवायला, दाबायला किंवा पाठवायला जागा नाही, तिथे एरेशन टँक कितीही चांगली बांधली तरी ती महिन्याभरात गाळाची कोठी होते.

तेव्हा प्रेस, सेंट्रिफ्यूज किंवा वाळवणीचे वाफे, जे काही असेल ते आधी चालू करा. कापडांचा एक जादा संच हाताशी ठेवा. बंद पडलंच तर टँकरने गाळ दुसऱ्या प्लांटला पाठवण्याची सोय आधीच ठरवून ठेवा. हे क्लॅरिफायरचंच औषध आहे.

खरं बल्किंग निघालं तर

पातळ करूनही गाळ बसला नाही, एसव्हीआय २००-३०० आला, तर सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहायलाच हवा. शंभरपट मोठं करून दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शकही धागे दाखवतो. कुठल्या जातीचे धागे आहेत ते ओळखलं की कारणाचा अंदाज येतो. डच शास्त्रज्ञ आयकेलबूम यांनी १९७५ मध्ये या धाग्यांना क्रमांक देऊन त्यांची वर्गवारी केली आणि ते क्रमांक आजही वापरात आहेत.

स्फेरोटिलस किंवा टाइप १७०१ दिसले तर हवा कमी पडतेय. डीओ मीटर एकाच जागी, एकाच वेळी बुडवून "२ आहे" म्हणू नका. टँकच्या चारही कोपऱ्यांत मोजा, आणि सकाळी फ्लो सगळ्यात जास्त असतो तेव्हा मोजा. टँकच्या पृष्ठभागाकडे बघा. एके ठिकाणी पाणी उकळल्यासारखं उसळतंय तर तिथला हवा सोडणारा डिफ्यूझर फाटलाय, आणि त्यातून हवा निसटल्यामुळे दुसरा कोपरा उपाशी आहे.

थायोथ्रिक्स किंवा टाइप ०२१एन असतील तर येणारं पाणीच सडून येतंय. बहुतेकदा याचं उत्तर कलेक्शन टँकमध्ये (येणारं सांडपाणी आधी जिथे साठतं तिथे) सापडतं. तिथला एअर ग्रिड बंद असतो, तळाला हातभर गाळ असतो आणि सल्फाइड भरलेलं काळं पाणी पुढे ढकललं जात असतं. तो टँक साफ करून घेणं आणि तिथली हवा चालू ठेवणं हाच उपाय. हे धागे पोषण कमी पडलं तरी वाढतात. घरगुती सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर असतं, पण कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं १००:५:१ हे प्रमाण तपासा.

मायक्रोथ्रिक्स थंडीत आणि तेला-तुपाच्या पाण्यात फोफावतो. ग्रीस ट्रॅप शेवटचा कधी उपसला, ते विचारा.

कारण दुरुस्त व्हायला वेळ लागतो आणि तोवर गाळ वाहून जातोय, अशा वेळी रिटर्न लाइनमध्ये क्लोरीन देता येतो. धागे फ्लॉकच्या बाहेर आलेले असतात म्हणून आधी ते मरतात, आतले कामाचे जिवाणू वाचतात. मात्रा टँकमधल्या दर १००० किलो सेंद्रिय गाळामागे दिवसाला २ किलो क्लोरीनपासून सुरू करा. वरच्या उदाहरणातल्या टँकमध्ये सेंद्रिय भाग साधारण १००० किलो धरला तर दहा टक्क्यांचं हायपोक्लोराइट दिवसाला वीस लिटरच्या आसपास लागेल, तेही दिवसभरात विभागून, थेंबाथेंबाने. रोज एसव्हीआय बघा. तो खाली यायला लागला की मात्रा उतरवा. वरचं पाणी दुधाळ झालं तर जास्त झालंय, लगेच थांबा. आणि हायपोक्लोराइटचा डबा ॲसिडच्या जवळपासही ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पण हा ताप उतरवण्याचा उपाय आहे. कारण तसंच राहिलं तर महिन्याभरात धागे परत येतात.

जिवाणूंच्या पावडरीबद्दल स्पष्टच सांगतो. ज्या टँकमध्ये हजार-दीड हजार किलो जिवंत गाळ आधीच फिरतोय, तिथे पाकिटातल्या किलोभर पावडरीने बसणं-न बसणं बदलत नाही. विषारी पाणी येऊन सगळा गाळ मेला असेल, तर शेजारच्या चांगल्या प्लांटमधून एक-दोन टँकर जिवंत गाळ आणून टाकणं कितीतरी खात्रीचं.

झटकन बसतो, पण पाणी गढूळ

दहा मिनिटांत गाळ वाळूसारखा तळाशी आणि वरच्या पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढे कण तरंगतायत, हे म्हाताऱ्या गाळाचं लक्षण. खाणं कमी, गाळ जास्त, फ्लॉक मोडून भुगा झालेला. वेस्टिंग वाढवा. पीएच एकदा बघून घ्या.

उलट प्लांट नवा असेल, एमएलएसएस ८००-१००० असेल, गाळ हळू बसत असेल, वरचं पाणी धूसर आणि टँकवर पांढरा साबणासारखा फेस असेल तर गाळ अजून कोवळा आहे. तिथे वेस्टिंग थांबवून वाट बघा.

तपकिरी, दाट, चिकट फेस मात्र वेगळा. तो काठीने उचलला तर लोंबतो. पूर्वी याला नोकार्डिया म्हणायचे, आता मुख्य जातीचं शास्त्रीय नाव गॉर्डोनिया अमारे झालंय, पण प्लांटवर जुनंच नाव चालतं. त्याचा फेस पाण्याच्या फवाऱ्याने मोडायचा आणि गोळा झालेला स्कम (तरंगणारा थर) पुन्हा टँकच्या सुरुवातीला सोडायचा, ही चूक मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. त्याने बी परत पेरलं जातं. स्कम काढून प्लांटच्या बाहेरच गेला पाहिजे.

सिलिंडर चांगला, क्लॅरिफायर वाईट

गाळ सिलिंडरमध्ये दोन तास शहाण्यासारखा बसून राहिला आणि तरी क्लॅरिफायर गाळ सोडतोय, तर जिवाणूंना दोष देऊ नका. कलेक्शन टँकचा पंप किती मोठा आहे ते बघा. रोजच्या ५०० घनमीटरसाठी तासाला साधारण २१ घनमीटर पुरतात. तिथे तासाला ५० ओढणारा पंप लेव्हलवर चालू-बंद होत असेल तर क्लॅरिफायरला दर अर्ध्या तासाने धक्का बसतो. व्हॉल्व्ह आवळून किंवा बायपास देऊन तो फ्लो सपाट करा. मग विअरची पातळी तपासा. एका बाजूला विअर बोटभर खाली असेल तर सगळं पाणी तिथूनच धावतं आणि गाळ सोबत नेतं. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी दहा मिनिटांत कळते.

टँकमध्ये उतरायचं नाही

रिटर्न पंप चोक झाला, हॉपरमध्ये गाळ अडकला, की कुणीतरी म्हणतं, "दोन मिनिटांचं काम आहे, उतरून काढ." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. साठलेला गाळ ढवळला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. हवेत १०० पीपीएम झाला की तो जिवाला तात्काळ धोका मानला जातो, आणि साधारण त्याच पातळीला नाकाला वास येणं बंद होतं. "वास गेला, आता ठीक आहे" असं वाटतं तीच सगळ्यात घातक वेळ. पहिला माणूस खाली कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.

पंप साखळीने वर ओढून दुरुस्त करता येईल असाच बसवा. टँक रिकामी करायची तर सक्शन टँकरने वरून. आत माणूस जाणं अगदीच अटळ असेल तर ते काम प्रशिक्षित पथकाचं आहे. चार वायूंचा मीटर, सतत हवा देणारा पंखा, हार्नेस, तिपाई आणि वर उभा दुसरा माणूस, एवढं सगळं असल्याशिवाय नाही. सुपरवायझरने सांगितलं तरी नाही. एरेशन टँकचाही भरवसा धरू नका. हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यात पोहणाराही नीट तरंगत नाही. रेलिंग आणि लाइफबॉय तिथे असलेच पाहिजेत.

या गाळाला "थोडासा वाहतोय" म्हणून चालत नाही, हेही सांगतो. फ्लॉकच्या आत दडलेल्या रोगजंतूंपर्यंत क्लोरीन पोचत नाही. पुढे ते पाणी कुणाच्या फ्लशच्या टाकीत जातं, कुणाच्या बागेत जातं, कुठल्या ओढ्यात मिसळतं. आपण शुद्ध केलंय असं समजूनच ती माणसं ते पाणी वापरत असतात.

मदत मागताना हे पाठवा

एवढं करूनही गाळ उसळत राहिला तर विचारा, पण नुसता क्लॅरिफायरचा फोटो पाठवू नका. सिलिंडरचे चार फोटो हवेत: ५ मिनिटं, ३० मिनिटं, १ तास आणि २ तास. सोबत पातळ केलेल्या सिलिंडरचा आकडा, एमएलएसएस, चार कोपऱ्यांतला सकाळचा डीओ, पीएच, रिटर्न पंप किती वेळ चालतो ते, आणि गेल्या साठ दिवसांची लॉगशीट. त्यातला वेस्टिंगचा रकाना आधी स्वतः वाचा. आडव्या रेघा दिसल्या तर मला फोन करण्याआधी प्रेसचं कापड उतरवून बघा.